पंडिता रमाबाई आणि बायकांना समजणारें शास्त्र

पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस नवें नाहीं. केडगांवचें मुक्तिसदन, दुष्काळांतून वांचविलेल्या मुली, विधवांना मिळालेला आश्रय, एवढें तर शब्बाथ शाळेंतील मुलेंही सांगूं शकतील. परंतु बाईंच्या हातून घडलेलें एक काम असें आहे कीं, त्याविषयीं आपल्यांत फारसें बोललें जात नाहीं. आयुष्याचीं शेवटचीं सुमारें पंधरा-सोळा वर्षें त्यांनीं सबंध पवित्र शास्त्र मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून मराठींत उतरविण्यांत वेंचलीं. अमेरिकेंत ज्यूलिया स्मिथ नांवाच्या बाईंनीं असेंच काम इंग्रजींत करून १८७६ सालीं तें छापविलें होतें. आपल्या मराठी मुलखांत मात्र असें धाडस त्यापूर्वीं कोणा स्त्रीनें केलें नव्हतें. हें काम नीट समजावें म्हणून बाईंचें सारें आयुष्यच पाहावें लागतें, कारण त्या जन्मभर एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत आणि एका लोकसमाजांतून दुसऱ्या लोकसमाजांत जात राहिल्या.

कर्जत व खालापूर तालुक्यांतील आपल्या उपदेशक बंधूंस या विषयाची गोडी अधिक वाटेल. रविवारीं पुस्तकी मराठींत वाचलेला उतारा सोमवारीं ठाकूरवाडींत अगर कातकरवाडींत गेल्यावर पुन्हा नव्यानें सांगावा लागतो, आणि सांगतांना कोणता शब्द ठेवावा व कोणता टाकावा याचा निर्णय उभ्या उभ्या घ्यावा लागतो. त्यास कोणी भाषांतर म्हणत नाहीं, पण तें भाषांतरच होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रांगेंतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व तितकेच हट्टी गृहस्थ. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा तेव्हांचा दंडक असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढें त्यांस जाबही द्यावा लागला. पुढें मातोश्रींनींच पहांटेच्या वेळीं लहानग्या रमेस श्लोक पढविले. मूल सहा महिन्यांचें झालें न झालें तोंच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. रमाबाईंस वेताच्या पेटाऱ्यांत घालून गड्याच्या डोक्यावर देण्यांत आलें होतें. त्या दिवसापासून त्यांचें घर म्हणून कोठें राहिलें नाहीं.

निर्वाहाचें साधन म्हणजे पुराण सांगणें. देवळाच्या आवारांत किंवा नदीच्या घाटावर बसून शास्त्रीबुवा, त्यांची पत्नी व मुलें आळीपाळीनें संस्कृत पुराणें मोठ्यानें म्हणत. येणारे-जाणारे नमस्कार करीत, फुलें, फळें, तांदूळ, पैसे पुढें ठेवीत आणि कांहीं वेळ ऐकून निघून जात. ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांस त्यांतलें अक्षरही कळत नसे. कळण्याची गरजही कोणास वाटत नसे, कारण शब्द कानीं पडला म्हणजे पुण्य लागलें अशी समजूत होती. रमाबाईंनीं बालपणापासून तारुण्यापर्यंत हें पाहिलें. हजारों श्लोक त्यांच्या जिभेवर होते, आणि समोर बसलेल्या बाईस त्यांतला एकही समजत नव्हता. पुढें पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं जें काम हातीं घेतलें, त्याचें बीज आम्हांस तरी या देवळांच्या आवारांतच दिसतें.

संस्कृत शिकविलें गेलें, पण देशभाषांचें शिक्षण असें कोणी दिलें नाहीं. मराठी आईच्या बोलण्यावरून आणि हातीं पडलेल्या वर्तमानपत्रांवरून व पुस्तकांवरून आली. कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषा रस्त्यानें चालतां चालतां आल्या. धर्मशाळेंत, बाजारांत, पाणवठ्यावर ज्याची जी भाषा तींत त्याच्याशीं बोलल्यावांचून गत्यंतर नसे. सेमिनरींत व्याकरणापासून भाषा शिकलेल्या आमच्यासारख्यांस या शिक्षणाचा हेवा वाटावा.

मग दुष्काळ आला. १८७४ सालीं वडील वारले, आणि पाठोपाठ आई व थोरली बहीण गेली. अन्न नव्हतें, आणि खालच्या प्रतीचें काम करावें तर शास्त्र्याच्या घरांत तशी संवय नव्हती. उरलीं दोघें भावंडें, श्रीनिवास व रमा. दोघांनीं मिळून सुमारें चार हजार मैल पायीं प्रवास केला आणि १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, तिची वाणी ऐकून ते थक्क झाले, आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८१ सालीं बर्लिन शहरीं भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या सभेंत रमाबाईंनीं रचलेलें एक संस्कृत काव्य वाचून दाखविण्यांत आलें. संस्कृत भाषेस आलेल्या वाईट दिवसांविषयीं त्यांत शोक केलेला होता. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें याच बाई संस्कृत शब्द गाळून शास्त्र लिहावयास बसल्या.

कलकत्त्यांत आणखी एक गोष्ट घडली, ती आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाची आहे. तेथील ख्रिस्ती लोकांनीं या भावंडांस आपल्या मेळाव्यास बोलाविलें, आदरानें वागविलें, आणि रमाबाईंच्या हातीं संस्कृत भाषेंतील पवित्र शास्त्राची एक प्रत दिली. संस्कृत जाणणाऱ्या विदुषीस संस्कृत शास्त्र द्यावें, यापेक्षां योग्य देणगी ती कोणती? पण रमाबाईंनीं तें उघडून पाहिलें तों त्यांस कांहींच उमगेना. शब्द ओळखीचे, पण वाक्याचा डौल अनोळखी आणि शिकवण त्याहूनही अनोळखी. हें वाचणें म्हणजे वेळ घालविणें असें वाटून त्यांनीं पुस्तक बाजूस ठेविलें. मात्र टाकून दिलें नाहीं. तें पुढें जन्मभर त्यांच्यापाशीं राहिलें.

आतां पाहा, भारतांतील एका अत्यंत विद्वान स्त्रीस तिच्या सर्वांत आवडत्या भाषेंत दिलेलें शास्त्र मुकें राहिलें. भाषांतर करणाऱ्यांनीं कोश पाहिले नव्हते असें नव्हे. परंतु शब्दास शब्द जुळला म्हणजे माणसास माणूस भेटला असें होत नाहीं. तें कोठें भेटलें? आसामकडील सिल्चर गांवीं. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला, आणि त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. त्या घरांतील पुस्तकांत एके दिवशीं त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली. ती कशी आली हें त्यांसही ठाऊक नव्हतें. पण वाचूं लागल्या त्या वाचीतच राहिल्या. ज्या बाईंस संस्कृतांतून कळलें नाहीं त्यांस चालतां चालतां शिकलेल्या बंगालींतून कळलें. सिल्चर येथील एका बाप्तिस्त मिशनऱ्यानें उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभ समजावून सांगितला, तोही त्यांनीं मनापासून ऐकला. पतीस हें फारसें रुचलें नाहीं. १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें ते अकस्मात् वारले, आणि मनोरमा ही दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन रमाबाई महाराष्ट्रांत आल्या.

पुण्यास त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति हें मराठी पुस्तक लिहिलें. त्याच सालीं सरकारनें नेमलेलें हंटर साहेबांचें शिक्षण कमिशन पुण्यास आलें, तेव्हां रमाबाईंची साक्ष झाली. ती त्यांनीं मराठींत दिली. स्त्रीशिक्षिका हव्यात, स्त्रीवैद्य हव्यात, शिकलेल्या पुरुषांपैकीं कितीतरी जण स्त्रियांच्या शिक्षणास विरोधच करितात, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. हंटर साहेबांनीं ती साक्ष इंग्रजींत करवून वेगळी छापविली, आणि ती विलायतेंत वाचली गेली. पुढें १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवानें स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्याचा निधि उघडला गेला, त्यामागें या साक्षीचाही हात होता असें मानतात. पुण्यांत एका विधवेनें मराठींत उच्चारलेले शब्द दुसऱ्या कोणीतरी इंग्रजींत केले नसते, तर ते त्या दिवाणखान्याबाहेर गेले नसते. त्या भाषांतरकाराचें नांव मात्र आज कोणाच्या तोंडीं नाहीं.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. मनांत वैद्यकी शिकण्याचें होतें, पण कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें तो विचार सोडावा लागला. वॉण्टेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयास असतां त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोरे, जे बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोरे झाले, त्यांच्या पत्रांनीं त्यांच्या बऱ्याच शंकांचें निरसन केलें होतें. एका पंडिताच्या शंका दुसऱ्या पंडितानेंच सोडवाव्या हें योग्यच झालें.

वॉण्टेज येथील एक लहानसा वाद मोठा बोधप्रद आहे. रमाबाईंनीं गळ्यांत घालावयाच्या क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले होते. त्यांनीं ते नापसंत केले. लॅटिन भाषा आपल्या देशांतील कोणास कळते, आणि तिच्यांत अशी कोणती पवित्रता आहे कीं जी आमच्या जुन्या संस्कृतांत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून त्यांस हवी नव्हती. ती आपल्या मायभूमीची सर्वांत जुनी व सुंदर भाषा म्हणून हवी होती. सिस्टर जेराल्डिन, ज्या त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांस हा अहंकार वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. नव्या धर्मांत आलेल्या माणसानें आपली भाषा दाराबाहेर ठेवून यावी, असें न बोलतां मानणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. बाईंनीं तें मानलें नाहीं. धर्म स्वीकारला, पण तो कोणत्या भाषेंत धरावा हें ठरविण्याचा हक्क स्वतःकडे ठेविला.

१८८६ च्या आरंभीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या फिलाडेल्फिया शहरीं गेल्या आणि अमेरिकेंत १८८८ पर्यंत राहिल्या. त्या मुक्कामाचीं दोन फळें म्हणजे दोन पुस्तकें. पहिलें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें, इंग्रजींत, १८८७ सालीं छापलेलें. त्यांत आपल्या घरांतील दुःख त्यांनीं परक्यांस समजेल अशा रीतीनें मांडलें. दुसरें मराठींत, १८८९ सालचें, युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त. त्यांत परक्यांचें घर आपल्या लोकांस दाखविलें. तेथील राज्यकारभार कसा चालतो, घरगृहस्थी कशी असते, शाळा, व्यापार, धर्मादाय संस्था, आणि विशेषेंकरून बायकांची स्थिति कशी आहे हें सारें घरांत बसलेल्या मराठी वाचकास उमजेल अशा भाषेंत सांगितलें आहे. गुलामगिरी व मूळच्या रहिवाशांवरील जुलूम या गोष्टीही झांकल्या नाहींत. दोन दिशांनीं हें काम करणारा माणूस विरळा. परक्यांपुढें घरचें सांगतांना लाज आड येते, आणि घरच्यांपुढें परक्यांचें सांगतांना फुशारकी आड येते. बाईंनीं दोन्हींस बगल दिली.

पुढील वृत्तांत वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. बोरघाटांतून १८६३ सालीं लोहमार्ग खुला झाला, आणि मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या पुष्कळ गाड्या आपल्या कर्जतेसच थांबून मागून ढकलणारें इंजिन जोडून घेत आल्या आहेत. सदनाची वाटही हीच. १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. सदनांतील मुली ख्रिस्ती होत आहेत असा बोभाटा झाला, आणि ज्या सुधारक गृहस्थांनीं पूर्वीं साह्य केलें होतें त्यांपैकीं कित्येकांनीं हात काढून घेतला. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथी दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

त्या माळावर कोण कोण होतें? मध्यप्रांतांतून आलेल्या हिंदी बोलणाऱ्या मुली, गुजराथेंतून आलेल्या गुजराथी मुली, देशावरच्या व कोंकणांतल्या मराठी बायका. पुष्कळींस अक्षरओळख नव्हती. सकाळसंध्याकाळ प्रार्थनेच्या वेळीं शास्त्र वाचलें जाई, आणि या बायका हात जोडून ऐकत. ऐकून समजे किती? रमाबाईंनीं हें दृश्य पूर्वीं पाहिलें होतें. देवळाच्या आवारांत पुराण ऐकणाऱ्या बायकाही अशाच हात जोडून बसत.

मराठींत शास्त्र नव्हतें असें नव्हे. सेरामपूर येथें केरी साहेबांनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें केलेला नवा करार १८११ सालींच छापून निघाला होता. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं मुंबई-पुण्याकडील भाषेंत नवें भाषांतर केलें, त्यांचा नवा करार १८२६ सालचा. पुढें १८४७ पर्यंत सबंध शास्त्र मराठींत आलें, आणि वेळोवेळीं त्याची दुरुस्तीही होत राहिली. या कामास ज्यांनीं आयुष्यें दिलीं त्यांचे उपकार आपण विसरतां कामा नये. परंतु त्यांस साह्य करणारे बहुतेक शास्त्री-पंडित होते, आणि शास्त्री जेथें असेल तेथें भाषा हळूहळू संस्कृताच्या चढावर जाते.

रमाबाईंचे आक्षेप दोन होते. पहिला सोपा होता, कीं ही भाषा शिकलेल्यांची आहे, जात्यावर बसणाऱ्या बाईस ती कळत नाहीं. दुसरा खोल होता, आणि तो त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणास इतक्या तीव्रतेनें जाणवला नसता. शब्द रिकाम्या भांड्यासारखे नसतात, पूर्वीं त्यांत जें ठेविलें होतें त्याचा वास राहतोच. उदाहरणार्थ अवतार हा शब्द घ्या. ख्रिस्ताविषयीं बोलतांना तो उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत विष्णूचे दहा अवतार उभे राहतात, आणि ख्रिस्त अकरावा होऊन ओळींत बसतो. मोक्ष म्हटलें कीं जन्ममरणाचा फेरा डोळ्यांपुढें येतो. परदेशी मिशनरी कोशांत पाहून या शब्दांचा अर्थ जाणत. रमाबाईंनीं ते लाखों वेळां उच्चारले होते. कोणत्या शब्दामागें कोणती कथा चिकटली आहे हें त्यांस पाठ होतें. म्हणून मूर्तिपूजेशीं व पुराणमताशीं जखडलेले शब्द गाळून, घरांत व शेतांत बोलल्या जाणाऱ्या मराठींत शास्त्र आणावें, असें त्यांनीं ठरविलें. त्यासाठीं इब्री व ग्रीक या दोन भाषा त्या उतारवयांत शिकल्या. कानांनीं नीट ऐकूं येत नव्हतें, आणि दोन हजार माणसांच्या अन्नवस्त्राची काळजी डोक्यावर होती.

आतां आमचें मत. बाईंचें हें भाषांतर मुळाशीं अगदीं चिकटून चालतें. मूळ वाक्यांत शब्द ज्या क्रमानें व जितके आले, तितके आणण्याची त्यांची शिकस्त असे, आणि त्यामुळें कित्येक ठिकाणीं वाक्य ओबडधोबड होऊन अडखळतें. बाईंस मराठी येत नव्हती असें कोण म्हणेल? जिनें संस्कृत कविता केली तिला वाक्य गोड करणें कठीण नव्हतें. पण देवाचें वचन आपल्या वाणीनें सजविण्याचें त्यांस भय वाटत असावें. साधें करण्यासाठीं घेतलेलें काम अशा रीतीनें कांहीं ठिकाणीं पुन्हा अवघड झालें, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

शिवाय त्याच काळांत दुसरा एक मराठी ख्रिस्ती माणूस नेमका उलट वाटेनें चालला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रमाबाईंसारखेच ब्राह्मण कुळांत जन्मलेले, १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले. त्यांनीं जुन्या संतांचा अभंग व ओवी हींच हातीं घेतलीं आणि भक्तीचे जुने शब्द ख्रिस्ताच्या पायांपाशीं आणून ठेविले. रमाबाई म्हणत कीं भांडें बदला. टिळक त्याच भांड्यांत नवें पाणी भरीत होते. दोघांपैकीं बरोबर कोण? टिळकांचीं गीतें आपल्या मंडळ्यांत टाळमृदंगावर गाइलीं जातात, आणि रमाबाईंचें शास्त्र फारशा व्यासपीठांवर दिसत नाहीं. लोकांनीं निवाडा दिला असें यावरून म्हणावें काय? आम्हांस इतकी घाई करवत नाहीं. गाणें ऐकतांना मन भरून येतें, पण गाणाऱ्यास कोणता अर्थ कळला हें विचारल्यावांचून कळत नाहीं; आणि विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतों.

आपल्याच भागांतील एक शब्द पाहूं. तारण हा शब्द आपण उपासनेंत नित्य वापरतों. परंतु खालापुराकडील शेतकऱ्यास विचारा, तारण म्हणजे काय? जमीन किंवा दागिना सावकाराकडे अडकवून कर्ज काढणें, हा अर्थ त्यास आधीं सुचेल. वीटभट्टीच्या मुकादमाकडून पावसाळ्यांत उचल घेऊन सबंध हंगाम ती फेडणाऱ्या कातकरी कुटुंबास तर अडकलेला माणूस सुटतो कसा, एवढाच प्रश्न आहे. तेथें तारण म्हटलें तर कानांवर बेडीच पडते. सोडवणूक म्हटलें तर डोकें वर होतें. उलट भाकर हा शब्द पाहा. यहूदी लोकांच्या गव्हाजवांच्या रोटीस मराठी शास्त्रानें भाकर केलें, आणि तांदुळाची खाणाऱ्यास तांदुळाची व नाचणीची खाणाऱ्यास नाचणीची भाकर ताबडतोब दिसली. ज्या कोणा भाषांतरकारास हा शब्द प्रथम सुचला त्यास शंभर शास्त्र्यांहून अधिक गुण द्यावे. बाप्तिस्मा, आमेन, हल्लेलूया असे शब्द तर कोणी उतरविलेच नाहींत. ते जसेच्या तसे आले, आणि वापरून वापरून आपले झाले. तेव्हां एकच नियम सर्व शब्दांस लावतां येत नाहीं. रमाबाईंनीं जो प्रश्न विचारला, कीं समोरच्या बाईच्या मनांत हा शब्द काय उभें करितो, तो मात्र प्रत्येक शब्दास विचारावा लागतो.

प्रथम नवा करार पुरा होऊन छापला गेला. छापखाना मुक्तिसदनाचाच होता. जुना करार चालू असतां २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. सिल्चरहून कडेवर आणलेली ही मुलगी आईचा उजवा हात झाली होती, आणि सदनाचा भार पुढें तीच वाहील असा सर्वांचा भरंवसा होता. बाईंनीं दुःख फारसें बोलून दाखविलें नाहीं. त्या पुन्हा मुद्रितांस बसल्या. शरीर थकलें होतें, ऐकूं जवळजवळ येत नव्हतें, आणि पुस्तकाचीं शेवटचीं पानें तपासावयाचीं राहिलीं होतीं. हें काम संपेपर्यंत आपणांस ठेवावें अशी त्यांनीं देवाजवळ प्रार्थना केली, असें मुक्तिसदनाची मंडळी सांगत आली आहे. शेवटचीं मुद्रितें त्यांच्या हातून पुरीं झालीं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं, वयाचें चौसष्टावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, त्या झोपेंत प्रभूकडे गेल्या.

सबंध शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. मराठी मंडळ्यांनीं उपासनेंत बायबल सोसायटीचेंच भाषांतर चालू ठेविलें, आणि पुढें त्याच्याही नव्या आवृत्त्या निघाल्या, सोप्या मराठींतलीं भाषांतरेंही झालीं. बाईंच्या पुस्तकाचें छपाईचें काम, खिळे जुळविण्यापासून पानें बांधण्यापर्यंत, मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच केलें. त्यांत दुष्काळाच्या वर्षीं उपाशी व निरक्षर अशा केडगांवच्या माळावर उतरलेल्या मुलीही होत्या. त्यांस अक्षर प्रथम तेथेंच दिसलें, आणि मग एकेक अक्षर हातानें उचलून त्यांनीं उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचीं सारीं पानें जुळविलीं.